शहराची ओळख करून द्यायची कुणी?

वाढत्या शहरांत एक भांडण ठरावीक काळाने उफाळून येतं आणि दर वेळी त्याच दोन वाक्यांपाशी येऊन अडतं. ‘इथे राहायचं तर इथली भाषा, इथलं साहित्य, इथली रीत समजून घ्या, नाही तर आपली वाट धरा,’ हे पहिलं. ‘मी काम करतो, कर भरतो, कुणाच्या अध्यात ना मध्यात, मी काय वाचावं हे सांगणारे तुम्ही कोण?’ हे दुसरं. मग कुणीतरी कुणाला तरी भर रस्त्यात जाब विचारल्याची चित्रफीत फिरते, तिचा निषेध होतो, निषेधाचाही निषेध होतो आणि चार दिवसांनी सगळे दमून गप्प बसतात. या गदारोळात ज्या संस्कृतीसाठी एवढं रण माजतं तिच्यातल्या एखाद्या कवीचा, एखाद्या नाटकाचा किंवा एखाद्या वाचनालयाचा उल्लेख क्वचितच कुणी करतं.

दोन्ही बाजूंचं एका गोष्टीवर मात्र न बोलता एकमत असतं. स्थानिक संस्कृती म्हणजे शहरात शिरताना भरायची जकात, असं दोघेही धरून चालतात. वाद फक्त ती भरायची की नाही एवढाच. मला हे गृहीतकच चुकीचं वाटतं. नव्या शहरातली पुस्तकं, तिथल्या कविता, तिथल्या जुन्या भांडणांच्या कहाण्या माणूस शोधतो तो कुतूहलापोटी. आणि कुतूहल टिकायला दोन गोष्टी लागतात: अडाणी प्रश्न विचारायची मुभा आणि उत्तर मिळेल अशी जागा. नवखा माणूस या दोन्ही गोष्टी स्वतःच्या बळावर उभ्या करू शकत नाही, त्या शहरानेच करून ठेवाव्या लागतात. म्हणून माझं म्हणणं असं, की ओळख करून देण्याची पहिली जबाबदारी शहराची आणि ओळख करून घेण्याची नवख्याची त्यानंतरची. नवख्याला जबाबदारीच नाही असं मात्र नाही. ती आहे आणि चांगलीच अवघड आहे. फक्त निष्ठा सिद्ध करण्याशी तिचा काही संबंध नाही.

पहिल्या बाजूचं सगळ्यांत बळकट म्हणणं आधी मान्य करायला हवं, कारण त्याला ‘संकुचित’ म्हणून उडवून लावणं फार सोपं आणि तितकंच अप्रामाणिक आहे. भाषा रस्त्यावरून कशी मागे हटते ते पाहा. दहा जणांच्या गटात एकाला स्थानिक भाषा येत नसली, तर उरलेले नऊ जण सौजन्य म्हणून दोघा-तिघांनाच नीट येणाऱ्या तिसऱ्याच भाषेत बोलू लागतात. कुणी कुणावर जुलूम केलेला नसतो, सगळे भलेपणानेच वागत असतात. पण असे गट कचेरीत, सोसायटीच्या बैठकीत, शाळेच्या पालकसभेत रोज जमतात आणि प्रत्येक ठिकाणी तीच तडजोड होते. काही वर्षांनी ती भाषा घरात आणि देवघरात उरते. पुढे तिच्यात लिहिणाऱ्याला वाचक मिळत नाही, नाटकवाल्याला प्रेक्षक मिळत नाही. म्हणजे ‘ज्याने त्याने आपापलं पाहावं’ हे धोरण तटस्थ नाही. ते बलवान भाषेच्या बाजूने झुकलेलंच असतं. ज्यांना ही भीती वाटते त्यांचं निदान चुकलेलं नाही.

दुसऱ्या बाजूचंही एक म्हणणं तितकंच बळकट आहे, आणि ते सहसा मांडलंच जात नाही, कारण ज्यांचं ते आहे त्यांना वाद घालायला सवड नसते. परकी भाषा शिकायला किती वेळ लागतो? आपल्या राजनैतिक अधिकाऱ्यांना भाषा शिकवणारी अमेरिकी सरकारची संस्था इंग्रजी भाषकाला हिंदी कामापुरती नीट येण्यासाठी सुमारे ११०० तासांचं वर्गशिक्षण धरते. शेजारच्या भाषेतून आलेल्याला याच्या थोड्या अंशात भागेल हे खरं. पण बारा तासांची पाळी करून आठ जणांच्या खोलीत झोपायला जाणाऱ्या माणसाकडे तो थोडा अंश तरी कुठून येणार? गंमत अशी, की बाजारात, बांधकामावर, रिक्षाच्या रांगेत वावरणारा हाच माणूस बहुतेक वेळा स्थानिक बोली सगळ्यांत आधी उचलतो. गरज त्याला शिकवते. बंद काचांच्या इमारतीत दहा वर्षं काढून शेजारच्या रस्त्याचं नावही न कळलेला वर्ग वेगळाच असतो. तरी जाब विचारायला गर्दी जमते ती पहिल्याच्या गाडीभोवती. दुसऱ्याच्या इमारतीला पहारेकरी असतो.

दोन्ही बाजूंचं दुखणं खरं आहे असं मानलं, तर मग सक्ती का नको? ‘शिकाल तर राहाल’ असं ठणकावून सांगण्यात चूक काय? इथे इतिहास जरा सविस्तर पाहायला हवा, कारण दोन्ही बाजू त्यातलं सोयीचं तेवढंच उचलतात. १६८४ मध्ये गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयने, कोंदे द आल्व्होरने, फर्मान काढलं, की तीन वर्षांच्या आत लोकांनी कोकणी सोडून पोर्तुगीज बोलायला लागावं. मागे सत्ता होती, चर्च होतं, शिक्षेचं भय होतं. आणि १९८७ मध्ये कोकणी गोव्याची राजभाषा झाली. यावरून ‘सक्ती कधीच चालत नाही’ असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. तो आवरावा, कारण फ्रान्समध्ये ती चालली. १८८१–८२ च्या कायद्यांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं झालं, सगळं शिक्षण फ्रेंचमधून, आणि फ्रान्सच्या पश्चिम टोकाच्या ब्रिटनी प्रांतातल्या शाळांत तिथली ब्रेटन भाषा बोलताना सापडलेल्या मुलाच्या गळ्यात लाज आणणारी खूण अडकवली जाई. दोन-तीन पिढ्यांत ब्रेटनचं कंबरडं मोडलं. तेव्हा सक्तीला बळ असतं, हे निमूटपणे कबूल करू. पण ते बळ कशात होतं? प्रत्येक मुलाला वर्षानुवर्षं वर्गात बसवणाऱ्या राज्ययंत्रणेत. शिवाय त्या बळाने एक भाषा मारली, हेही विसरून चालणार नाही. मारण्याचं तंत्र आणि आवड लावण्याचं तंत्र एकच असतं असं कुणी म्हणणार आहे का? तीस वर्षांच्या, नोकरीसाठी आलेल्या माणसाच्या बाबतीत शहराच्या हाती ना वर्ग असतो ना वर्षं. उरतो तो फक्त दरडावणीचा सूर. दरडावणीने माणूस चार वाक्यं पाठ करतो, ती जिथे तपासली जातात तिथे म्हणून दाखवतो आणि घरी जाऊन दार लावून घेतो. भाषेला एक अडखळता बोलणारा मिळतो. वाचक मिळत नाही.

याउलट, ज्याला मनापासून जाणून घ्यायचं आहे त्याच्या वाट्याला काय येतं? मध्य आशियातून आलेल्या अल्-बिरुनी या विद्वानाने १०३०च्या सुमारास भारताविषयी जो ग्रंथ लिहिला, त्याच्या सुरुवातीलाच त्याने आपल्या अडचणींचा पाढा वाचला आहे. संस्कृत अवघड आहे, हे तो सांगतोच. पण इथले जाणकार आपलं ज्ञान परक्याला द्यायला तयार नसतात, याची त्याची तक्रार अधिक बोचरी आहे. तो प्रामाणिकही आहे: गझनीच्या सुलतान महमूदाच्या स्वाऱ्यांमुळे विद्वान दूर पांगले आणि लोकांच्या मनात तिरस्कार बसला, हेही तो लिहितो. ज्याच्या छत्राखाली तो आला त्याच सुलतानाने त्याचं काम अवघड करून ठेवलं होतं. तरीही तो पोथ्या जमवत राहिला, लांबलांबून पंडित बोलावत राहिला, पैसे आणि कष्ट खर्चत राहिला. अल्-बिरुनीसारखी चिकाटी हजारात एखाद्याकडे असते. उरलेल्या नऊशे नव्याण्णवांसाठी शहराने काय करावं, हा खरा प्रश्न आहे. बंद दारावर डोकं आपटणाऱ्याचं कौतुक करून आपण दार बंद ठेवल्याची जबाबदारी झटकत असतो.

आता एक अवघड प्रश्न. नवख्याने जी ‘इथली संस्कृती’ शिकावी असं आपण म्हणतो, ती नेमकी कुणाची? मुंबईवर पठ्ठे बापूरावांची एक लावणी आहे आणि अण्णा भाऊ साठे यांचीही एक आहे. दोन्ही ‘मुंबईची लावणी’ याच नावाने ओळखल्या जातात. पहिली शहराच्या झगमगाटाने दिपलेली. दुसरीत वर मलबार हिल आहे आणि खाली परळात रात्रंदिवस राबणारी माणसं. एकच शहर, एकच लोककला, पण एक लावणी ऐकून आलेला माणूस आणि दुसरी ऐकून आलेला माणूस यांना एकमेकांचं शहर ओळखूही येणार नाही. यातली कुठली नवख्याच्या हाती द्यायची? शिवाय हे दोघेही मुंबईबाहेरचे: बापूराव रेठऱ्याचे, अण्णा भाऊ वाटेगावचे. मुंबईचं मराठीतलं पहिलं मोठं वर्णन १८६३ मध्ये ज्यांनी लिहिलं ते गोविंद नारायण माडगावकर गोव्यात जन्मले आणि लहान वयात कुटुंबाबरोबर मुंबईत आले. ज्याला आज आपण अस्सल स्थानिक ठेवा म्हणतो त्याच्या मुळाशी असा एखादा नवखा बसलेला सापडतो, आणि हे काही एकट्या मुंबईचं वैशिष्ट्य नाही. न्यूयॉर्कची हार्लेम ही कृष्णवर्णीयांची वस्ती ज्या संग्रहामुळे आपला इतिहास सांगू शकते, तो जमवणारे आर्तुरो शोम्बर्ग १८९१ मध्ये प्वेर्तो रिको या कॅरिबियन बेटावरून आले होते. बँकेत नोकरी करता करता त्यांनी कृष्णवर्णीयांची पुस्तकं, हस्तलिखितं, चित्रं गोळा केली आणि १९२६ मध्ये तो संग्रह तिथल्या १३५व्या रस्त्यावरच्या सार्वजनिक वाचनालयाकडे आला.

‘मग स्थानिक असं काही नसतंच का?’ असा उलटा सवाल इथे येईल, आणि तो रास्त आहे. सगळेच कुठून तरी आलेले, तेव्हा कुणाचाच काही हक्क नाही, हा युक्तिवाद अलीकडे फार चलतीत आहे आणि तो आळशी आहे. माडगावकर बाहेरून आले एवढ्यानेच त्यांचं पुस्तक मोलाचं ठरलं नाही. शहरातले रस्ते, तलाव, धर्मशाळा, शाळा, व्यापार, जातीजमाती यांची त्यांनी बारकाईने नोंद केली आणि ती शहरातल्या सामान्य माणसाला वाचता येईल अशा भाषेत केली, म्हणून ते मोलाचं. स्थानिकपणा जन्मदाखल्यावर मिळत नसेल, पण तो फुकटही मिळत नाही. लक्ष देऊन कमवावा लागतो. आणि मग हीच कसोटी जन्माने स्थानिक असलेल्यालाही लावावी लागेल. आपल्या शहरातल्या जिवंत लेखकांपैकी तिघांची नावं त्याला सांगता येतील? घरापासून सर्वांत जवळचं वाचनालय कुठे आहे, हे ठाऊक असेल? नवख्याने वाचावं म्हणून आग्रह धरणाऱ्यांपैकी बहुतेकांनी स्वतः शाळेनंतर ती पुस्तकं उघडलेली नसतात. जे आपल्याच घरात वाचलं जात नाही त्याची परीक्षा पाहुण्याची घ्यायची, हा प्रकार मला तरी लाजिरवाणा वाटतो.

शहरं यावर एक सोपा तोडगा काढतात, तो म्हणजे याद्या. ‘या शहरात आलात तर ही दहा पुस्तकं वाचाच.’ याद्यांना माझा विरोध नाही. पण याद्या बहुधा सन्मानाच्या असतात, वाचनाच्या नसतात. त्यांत शहराचा जुना, जाडजूड, तीन पिढ्यांपूर्वीच्या भाषेतला महाग्रंथ सगळ्यांत वर असतो. नवखा तो उघडतो, चाळीस पानांत दमतो आणि ‘इथलं साहित्य आपल्यासाठी नाही’ अशी समजूत करून घेतो. १९९८ मध्ये सिएटलच्या सार्वजनिक वाचनालयात नॅन्सी पर्ल यांनी सगळ्या शहराने मिळून एकच पुस्तक वाचावं असा उपक्रम सुरू केला. त्यातलं शहाणपण असं, की पुस्तक हे वाचनालयांत, गटांत एकमेकांशी बोलायला निमित्त होतं. पुढे अनेक शहरांनी ती कल्पना उचलली. २००२ मध्ये न्यूयॉर्कने उचलली तेव्हा मात्र निवड करणाऱ्यांत दोन पुस्तकांवरून अशी फूट पडली, की सगळा उत्साह भांडणातच जिरला. एवढ्या मोठ्या शहराचं प्रतिनिधित्व करणारं एक पुस्तक कुठलं? प्रश्नच चुकीचा होता. सिएटलने बोलायला निमित्त शोधलं आणि न्यूयॉर्कने आपली प्रतिमा शोधली, एवढाच फरक.

नवख्याने सुरुवात कुठून करावी, याबद्दल माझी मतं जरा हट्टी आहेत. आधी चालू वर्तमानकाळ वाचावा. स्थानिक वृत्तपत्राची आतली पानं, निधनवार्ता, नाटकांच्या जाहिराती, पाणीकपातीच्या सूचना, वाचकांची पत्रं. शहर कशावर चिडतं आणि कुणाला मान देतं, हे पहिल्या पानापेक्षा या पानांतून लवकर कळतं. मग मुलांची पुस्तकं. भाषा येत नसलेल्या मोठ्या माणसाने ती वाचण्यात कमीपणा काहीच नाही. त्यानंतर आत्मचरित्रं, विशेषतः फारशा प्रसिद्ध नसलेल्या माणसांची: शिक्षिका, गिरणी कामगार, डॉक्टर, नट. त्यांना शहराची थोरवी सांगायची नसते, आपलं आयुष्य सांगायचं असतं, आणि त्या ओघात गल्ल्या, भाडी, मोर्चे, साथी सगळं येतं. महाग्रंथ शेवटी. तोवर त्यातली माणसं आणि ठिकाणं अर्धीअधिक ओळखीची झालेली असतात.

आणि अनुवाद? ‘अनुवादावर भागवलं तर माणूस मूळ भाषा शिकणारच नाही,’ असा आक्षेप नेहमी घेतला जातो. काहींच्या बाबतीत तसं होईलही. पण ज्याला त्या भाषेत वाचण्याजोगं काय आहे याचा पत्ताच नाही, तो तिच्यासाठी शेकडो तास का देईल? एखादी कथा अनुवादात वाचून तिने झपाटलेला माणूस मूळ शोधण्याची शक्यता, काहीच न वाचलेल्या माणसापेक्षा नक्कीच जास्त. अनुवाद न करणारी भाषा स्वतःला जपत नसते. ती आपल्या भावी वाचकांना पत्ता न देता घरी बोलावत असते.

हा सगळा शोध आता भ्रमणध्वनीवर होतो, त्यासाठी शहराने खर्च कशाला करायचा, असं म्हणणारे आता पुष्कळ भेटतात. त्यांचं अर्धं खरं आहे. कार्यक्रमाचा दिनांक, दुकानाचा पत्ता, पुस्तकाचं मुखपृष्ठ हे सगळं तिथे मिळतं. पण शिफारस करणारी यंत्रणा चालते ती तुमच्या आजवरच्या आवडीनिवडीवर. तुम्ही काल जे पाहिलंत त्याच्याशी जुळणारं आज ती पुढे करते. त्यामुळे माणूस हजार मैल दूर गेला तरी पडद्यावर त्याचं जुनंच गाव त्याच्याबरोबर फिरत राहतं. तुम्ही आजवर कधी मागितलंच नाही ते समोर येण्यासाठी दुसऱ्याच कुणीतरी लावलेलं कपाट लागतं, आणि त्या कपाटाशेजारी एक माणूस लागतो.

शियाली रामामृत रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. त्यांतलं ‘प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ’ सगळ्यांना आवडतं. मला त्यापुढचं जास्त महत्त्वाचं वाटतं: ‘प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक.’ या सूत्राने ओझं फिरतं. वाचक आला नाही तर दोष वाचकाचा, असं म्हणायची सोय उरत नाही. पुस्तकाच्या वतीने कुणीतरी उठून वाचक शोधायला निघावं लागतं. हे सूत्र लिहिलं जाण्याच्या वीस वर्षं आधी बडोद्यात ते प्रत्यक्षात उतरू लागलं होतं. सयाजीराव गायकवाड हे मूळचे नाशिककडच्या कवळाण्याचे. १८७५ मध्ये बाराव्या वर्षी दत्तक जाऊन त्यांनी बडोद्याच्या गादीवर पाऊल ठेवलं तेव्हा लिहिण्यावाचण्यापासूनच सुरुवात होती. मराठी, गुजराती, उर्दू, इंग्रजी हे सगळं त्या मुलाने त्या परक्या शहरात शिकून घेतलं. त्यांच्या शिकण्यासाठी अख्खा दरबार राबला, हे खरंच. सामान्य नवख्याला कोण शिक्षक नेमून देणार? पण राजा झाल्यावर त्यांनी केलं काय, तर १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बोलावून संस्थानभर सार्वजनिक वाचनालयांचं जाळं विणायला घेतलं, आणि जिथे वाचनालय नव्हतं तिथे पेट्यांतून पुस्तकं धाडली. मराठी राजा, गुजराती प्रजा, अमेरिकी ग्रंथपाल. यात कुणी कुणाची निष्ठा तपासत बसलं असतं, तर त्या पेट्या निघाल्याच नसत्या.

हार्लेमच्या त्याच १३५व्या रस्त्यावरच्या वाचनालयात १९२१ मध्ये पुरा बेल्प्रे नावाची तरुणी कामाला लागली. तीही प्वेर्तो रिकोहून नुकतीच आलेली. तिथल्या प्रमुख ग्रंथपाल अर्नेस्टीन रोझ यांनी हेरलं होतं, की वस्तीत स्पॅनिश बोलणारी कुटुंबं वाढताहेत आणि त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलणारं वाचनालयात कुणी नाही. बेल्प्रेंनी पुढे स्पॅनिश आणि इंग्रजी दोन्हींत मुलांना गोष्टी सांगितल्या, बाहुल्यांचे खेळ केले, आणि कपाटात आपल्या बेटावरच्या लोककथा सापडत नाहीत म्हटल्यावर त्या स्वतः लिहिल्या. पहिलं पुस्तक १९३२ चं. आईला स्पॅनिशमध्ये धीर मिळाला म्हणून मूल वाचनालयात आलं आणि वाचनालयात आलं म्हणून इंग्रजी कपाटापर्यंत पोहोचलं. नवख्याची भाषा दाराशी ठेवायला लावली की तो आपल्यात लवकर मिसळतो, ही समजूत किती पोकळ आहे, ते याहून स्पष्ट कुठे दिसेल?

आपल्या शहरांची काय स्थिती आहे? सार्वजनिक वाचनालयाचं सभासद व्हायचं तर कायमच्या पत्त्याचा पुरावा मागतात. काही ठिकाणी जुन्या सभासदाची शिफारसही. भाड्याच्या खोलीत नुकत्याच उतरलेल्या माणसाकडे नेमक्या याच दोन गोष्टी नसतात. अनामत रक्कम घ्या, एका वेळी एकच पुस्तक द्या, हवं तर पहिले सहा महिने तिथेच बसून वाचू द्या. पुस्तकं परत येणार नाहीत ही धास्ती अनाठायी नाही, पण तिच्यावर इलाज आहेत. वेळेचंही तसंच: नोकरी करणारा सुटतो तेव्हा वाचनालयाचं कुलूप लागलेलं असतं. २०२३ मध्ये कोळिकोडला ‘युनेस्को’ने साहित्यनगरीचा मान दिला, भारतातलं ते पहिलं. त्यानंतर आमच्याही शहराला असा मान मिळावा, अशी भाषणं ठिकठिकाणी ऐकू येणारच. मान जरूर मागावा. त्याआधी सभासदत्वाचा अर्ज एकदा वाचून पाहावा.

नवख्याच्या जबाबदारीकडे मी शेवटी येतो आहे, कारण ती त्या क्रमानेच येते. दार उघडं असूनही न शिरणाऱ्याची बाजू मी घेणार नाही. ‘मी कर भरतो’ हे उत्तर नळाच्या पाण्यापुरतं ठीक आहे. शेजाऱ्यांच्या आयुष्याबद्दल काडीचंही कुतूहल नसण्याचं समर्थन त्यातून होत नाही. त्याच्याकडून तीन अपेक्षा मला वाजवी वाटतात. पहिली, काही काळ अडाणी राहण्याची तयारी. मोठ्या पदावरच्या माणसाला हे सगळ्यांत जड जातं. कचेरीत ज्याला सगळं कळतं त्याला कट्ट्यावर काहीच कळत नाही हे सोसत नाही. दुसरी, प्रत्येक गोष्टीची मागच्या शहराशी तुलना बंद करणं, निदान मोठ्याने. तिसरी, घाईने निकाल न देणं. चार सण आणि दोन किल्ले पाहून ‘या शहराचा स्वभाव’ सांगणारे लेख लिहू नयेत. या तिन्हींपैकी एकीचीही तपासणी कुणाला रस्त्यात अडवून करता येत नाही, म्हणूनच बहुधा या वादात त्यांचं नाव कुणी घेत नाही.

राहिला शेवटचा आक्षेप, व्यवहारी माणसांचा. यातले निम्मे लोक दोन-चार वर्षांत बदली होऊन किंवा नोकरी बदलून निघून जाणार. त्यांच्यावर शहराने आपलं मन आणि पैसा का खर्चावा? आज इटलीत असलेल्या त्रिएस्ते या बंदराच्या शहरात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जेम्स जॉइस नावाचा, पुढे जगप्रसिद्ध कादंबरीकार झालेला, एक आयरिश तरुण इंग्रजीच्या शिकवण्या करून पोट भरत होता. तिथली बोली त्याने इतकी आपलीशी केली, की पुढे घरातही कुटुंब तीच बोलत असे. त्याच्या शिष्यांत एक रंगाच्या कारखान्यातला गृहस्थ होता, एत्तोरे श्मिट्झ. ‘इतालो स्वेव्हो’ या नावाने त्याने दोन कादंबऱ्या छापल्या होत्या. त्यांना वाचक लाभला नव्हता आणि त्याने लिहिणं जवळजवळ सोडून दिलं होतं. जॉइसने त्या वाचल्या आणि त्या उत्तम आहेत असं त्याला सांगितलं. पहिल्या महायुद्धात जॉइसला त्रिएस्ते सोडावं लागलं, पुढे तो पॅरिसला गेला. १९२३ मध्ये स्वेव्होने तिसरी कादंबरी स्वखर्चाने काढली. तिच्याकडेही लक्ष जाईना, तेव्हा ती त्याने जॉइसकडे धाडली, आणि जॉइसने ती पॅरिसमधल्या जाणत्या समीक्षकांपर्यंत पोहोचवली. १९२६ मध्ये तिथल्या एका नियतकालिकाने स्वेव्होला मानाचं पान दिलं. स्वेव्हो तेव्हा चौसष्ट वर्षांचा होता. त्याचं स्वतःचं शहर त्याला तोवर रंगाचा व्यापारी म्हणूनच ओळखत होतं.